दादा, वीस तारखेच्या त्या फोनबद्दल थँक्यू

दादा, नाव टाकू नकोस म्हणालात म्हणून टाकत नाही, पण थँक्यू चारचौघांत म्हणायचंच होतं.

जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस आणि आमच्या दादरच्या ऑफिसातली विंडोजची व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, चालूच होईना. खाली लिनक्सवर केव्हीएम (व्हीएम चालवणारी सोय), त्यात विंडोज, त्यात सगळ्या क्लायंटचे हिशोब. एरर काय, तर यूएसबी डिव्हाइस सापडत नाही. सापडणार कुठून, डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन बॅगेत टाकून सर अंधेरीला गेलेले! ज्या क्लायंटना ही सही लागत नाही त्यांचं ओटीपीवर भरता आलं असतं, पण हिशोबच उघडेनात. एवढ्याशा टोकनपायी अख्खं मशीन अडून बसतं हे मला अजून पटत नाही.

तुम्ही कुर्ल्याला प्लॅटफॉर्मवर, मागे अनाउन्समेंट चालू, आणि तरी शांतपणे म्हणालात, व्हर्श एडिट (व्हीएमच्या सेटिंग बदलायची कमांड) उघड आणि होस्टडेव्ह, म्हणजे बाहेरून जोडलेलं डिव्हाइस, लिहिलंय तिथलं वाचून दाखव. मी तो तुकडाच उडवणार होते, तुम्ही नको म्हणालात आणि सोर्सच्या टॅगमध्ये फक्त स्टार्टअपपॉलिसी ऑप्शनल असं घालायला लावलंत, म्हणजे टोकन असेल तर घे, नसेल तर सोड आणि चालू हो. काहीच लिहिलं नसेल तर मँडेटरी, म्हणजे हवंच, असं धरतात, हे सेटअप करून देणाऱ्याने कधी सांगितलंच नव्हतं. सीडी ड्राइव्हला विंडोजची जुनी आयएसओ (सीडीची फाइल) लटकत होती, तिलाही तेच.

मग मी जोशात विचारलं, सगळ्यालाच ऑप्शनल करून टाकू का, तर केवढ्याने ओरडलात! डेटाची डिस्क नसेल तर मशीन चालू होताच कामा नये, नाहीतर कोणीतरी हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन कंपनी उघडून त्यात एन्ट्र्या मारत बसेल आणि मग निस्तरत बसा. हे मला जाम पटलं.

टोकन मागाहून लावलं तर आपोआप आत दिसत नाही, व्हर्श अटॅच-डिव्हाइस ही जोडायची कमांड मारावी लागते, हेही तुम्हीच सांगितलंत म्हणून बरं. सर आले, टोकन लावलं, कमांड मारली, विंडोजचा तो टिंग आवाज आला. काय झालेलं म्हणून विचारत होते, म्हटलं काही नाही, सही करा.

आता दुसऱ्या क्लायंटचं टोकन येतंय, सेम कंपनी सेम मॉडेल, म्हणजे व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी (कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर) दोन्हीचे सारखेच, मग कुठलं कोणाचं हे मशीनला कळणार कसं, आणि यूएसबीचा बस नंबर आणि डिव्हाइस नंबर टाकावा तर काढून लावलं की डिव्हाइस नंबर बदलणार, तेव्हा परत फोन करणार आहे, आधीच सांगून ठेवते.