डिझेल जळतं ते उभ्या गाडीत

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या मनीष नगरच्या ले-आऊटमध्ये सध्या तीन गाड्या अशा उभ्या असतात की आत पलंग, बेसिन, खिडकीला पडदे सगळं आहे. त्यातली एक माझ्या मावसभावाची. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन त्यानं तिची कॅरव्हान करून घेतली, एकूण किती लागले ते अजून वहिनीसमोर सांगत नाही. येणारा-जाणारा विचारतोच, काहून बाप्पा, डिझेल एवढं महाग अन् तू घर घेऊन फिरून राहिला?

आता महाग आहेच ना. पेट्रोल २०२१ मध्ये शंभरीच्या वर गेलं ते खाली उतरलंच नाही, डिझेल नव्वदीच्या घरात. पण आम्ही मे महिन्यात सहा जण चिखलदऱ्याला गेलो तेव्हाचा हिशोब सांगतो. जाऊन-येऊन, वर पॉइंट-बिइंट फिरून ५०० किलोमीटर, गाडी देते १० चा अॅव्हरेज, म्हणजे ५० लिटर, साडेचार हजार. आणि सीझनला दोन खोल्या दोन रात्रींसाठी विचारल्या तर बारा हजाराच्या खाली कोणी बोलायलाच तयार नव्हतं. शिवाय आमच्या आईला गुडघ्यामुळे दर तासाला थांबावं लागतं, संडास सोबत असल्यावर म्हातारं माणूस निवांत येतं, हे तर पैशात मोजताच येत नाही. लोक या गाड्या का घेतात याचं उत्तर माझ्या मते एवढंच आहे, हौस वगैरे नंतर.

खरी गंमत रात्री झाली. वर चिखलदऱ्याला मस्त गार हवा, एका पार्किंगमध्ये गाडी लावली, भाकरी-पिठलं झालं, आई झोपली पण, तेवढ्यात साडेनऊला चौकीदार काचेवर टकटक करत आला. इथं झोपता येत नाही म्हणे. ठीक आहे, कुठं झोपता येतं? तर ते त्यालाही माहीत नाही. पुढं दोन ठिकाणी हेच, शेवटी अंधारात घाट उतरून परतवाड्याला एका पेट्रोल पंपावर ट्रकच्या रांगेत उभे राहिलो. खाली हा उकाडा, पत्र्याचा डबा नुसता तापलेला, म्हणून इंजिन चालू ठेवून रात्रभर एसी लावला. सकाळी काटा बघितला तर सात-आठ लिटर डिझेल उभ्या जागी गेलं होतं साहेब, तेवढ्यात रामटेकला पोचून अर्ध्या रस्त्यात परतही आलो असतो. आणि बंद गाडीत माणसं झोपलेली असताना इंजिन चालू ठेवणं किती धोक्याचं, ते मला नंतर कळलं, तेव्हा नाही. शेजारचा ट्रकवाला सकाळी दात घासत म्हणाला, काकाजी, आमी तं रोजच गाडीत झोपतो, तुमी काहून पैसे खर्चून झोपून राहिले?

दुसरी भानगड टाकीची. संडासाची वीस लिटरची डबी भरली की ती कुठंतरी रिकामी करावी लागते ना. ढाब्यावर विचारलं, तो म्हणाला जेवायचं असेल तर बसा नाही तर निघा. रस्त्याच्या कडेला ओतणारे पण आहेत, आम्ही नाही ओतलं, तशीच सव्वादोनशे किलोमीटर घरी आणली, वास काय विचारता, अमरावतीपासून कोणी कोणाशी बोललं नाही.

म्हणजे महागडं डिझेल हा या गाड्यांचा मोठा प्रश्न नाहीच. जागा नाही म्हणून ते जळतं. आपल्या राज्यानं २०२१ मध्येच कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात कॅरव्हान पार्क, पाणी, वीज सगळं लिहिलेलं आहे. आम्हाला पार्क-बिर्क नको हो. चिखलदऱ्याला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, एवढं आवार आहे, तिथं चार गाड्यांपुरती जागा, सोळा अॅम्पियरचा एक पॉइंट, एक नळ आणि टाकी रिकामी करायला झाकणाचं चेंबर, बस. रात्रीचे पाचशे घ्या, खुशीनं देऊ. रामटेकला खिंडसीच्या काठावर, पेंचच्या बाहेर असं झालं तर नागपूरकर शनिवारी दुपारी निघून रविवारी परत येईल, ५०-१०० किलोमीटरला डिझेल लागतंच किती.

आणि हो, गाडीत पलंग ठोकणाऱ्यांनाही सांगणं आहे, आरटीओत बदलाची नोंद करून घ्या. मूळ गाडीत कंपनीच्या ठेवणीच्या विरुद्ध बदल चालत नाहीत असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, आणि उद्या काही झालं तर विमावाला पहिले आरसी मागेल. आमच्या भावाची नोंद झालेली आहे, ती मीच मागे लागून करवली.

पुढची ट्रिप दिवाळीनंतर ठरलीय, थंडीत एसीचा प्रश्न नाही. डबीचा आहे.

आपला,
एक नियमित वाचक, मनीष नगर, नागपूर