मनू, प्रॉडक्टमध्ये जायचं म्हणतेस तर

मनू,

कोडिंग सोडून प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय हा तुझा मेसेज मी आईला वाचून दाखवला, तर तिचा पहिला प्रश्न, "चार वर्षं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं ते मीटिंगा घ्यायला का?" तिला म्हटलं थांब, प्रॉडक्ट मॅनेजर काय असतो ते मला थोडंफार माहितीये, आमच्या औषधांच्या धंद्यात हा प्राणी तुमच्या ॲपवाल्यांच्या आधीपासून आहे. तशी या कामाची सुरुवात साबणातून झाली म्हणतात, १९३१ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकएलरॉय नावाचा पोरगा कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघायचा, त्याने वरच्यांना तीन पानी मेमो लिहिला की एका ब्रँडची अख्खी जबाबदारी एका माणसाकडे द्या. पुढे तो अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. हे ऐकून आई जरा नरम आली.

आता माझं ऐक. मेडिकलचं दुकान टाकायच्या आधी मी एमआर होतो, म्हणजे डॉक्टरांना कंपनीची औषधं सांगत फिरायचो, तेव्हा मुंबईच्या हेड ऑफिसमधून आमच्यासोबत फील्डवर प्रॉडक्ट मॅनेजर यायचे. डॉक्टरला दाखवायचं व्हिज्युअल एड, म्हणजे औषधाच्या माहितीची पानं, तेच बनवायचे, पण एमआर काही त्यांच्या हाताखाली नसायचे, आम्ही रिपोर्ट करायचो एरिया मॅनेजरला. म्हणजे विक्री नाही झाली की बोलणी प्रॉडक्ट मॅनेजरने खायची आणि हुकूम मात्र कुणालाच सोडता यायचा नाही. तुझंही तसंच होणार, डेव्हलपर तुझे नाहीत, डिझायनर तुझा नाही, सेल्सवाला तर कुणाचाच नसतो. गोड बोलून, आकडे दाखवून, कधी नुसतं मागे लागून काम काढून घ्यावं लागतं, आणि तुला तर लहानपणापासून एकदाच सांगायची सवय.

त्या प्रॉडक्ट मॅनेजरांतले एक साहेब एम.फार्म, गोल्ड मेडलिस्ट, ज्ञान प्रचंड. त्यांच्या व्हिज्युअल एडमध्ये औषध रक्तात किती वेळाने किती चढतं त्याचा ग्राफ, खाली बारीक अक्षरात दहा मुद्दे. बाहेर पेशंटची रांग लागलेली, डॉक्टर आम्हाला अर्धा मिनिट देणार, त्यात तो ग्राफ कोण बघतंय, पान उलटून मोकळे. दुसरे एक होते ते आमच्याबरोबर मिरजेच्या ओपीडीबाहेर बाकड्यावर दिवसभर बसले, काही बोलले नाहीत, नुसतं बघत होते, आणि पुढच्या वेळी जे पान आलं त्यावर एकच ओळ, दिवसातून एकदाच गोळी. हुशारी दोघांकडेही होती गं, पण पहिल्या साहेबांना आपल्याला येतं ते सगळं सांगायचं होतं. टेक्निकल डिग्रीवाल्याची खोड हीच, आणि तुझ्यात ती आहे, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तुझ्या डोक्यात सोल्युशन तयार असतं.

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरचंच बघ. नवीन अपडेटमध्ये पहिल्याच स्क्रीनवर रंगीत डॅशबोर्ड दिलाय, महिन्याची विक्री, गोल गोल चार्ट, झकास. पण बॅच आणि एक्स्पायरी टाकायचा कॉलम उचलून दुसऱ्या स्क्रीनवर नेला. आता बिलावर ते लागतंच, आणि माणूस दहाच्या स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या मागतो, एका हातात कात्री, दुसरा हात कीबोर्डवर, माउसला हात लावायला फुरसत कुणाला आहे? कोड चांगलाच असणार, कधी हँग होत नाही. बनवणाऱ्यातलं कुणीच काउंटरच्या आतल्या बाजूला येऊन उभं राहिलं नाही एवढंच. याउलट तो पैसे आल्यावर बोलणारा साउंडबॉक्स, आत काय, एक सिम आणि एक स्पीकर, तुझ्या दृष्टीने किरकोळ काम. पण त्याच्यामुळे गर्दीत गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधला स्क्रीनशॉट खरा का खोटा बघत बसायला लागत नाही, हात कामात असले तरी कान मोकळे असतात. हे ज्याच्या डोक्यात आलं तो कुठल्यातरी दुकानात नक्की तासभर उभा राहिलेला असणार.

एमबीएचं म्हणशील तर आत्ता नको असं माझं मत. मोठ्या कॉलेजची फी पंचवीस लाखांच्या वर, शिवाय दोन वर्षं पगार बंद, आणि बाहेर पडल्यावर ज्या रोलसाठी इंटरव्ह्यू देणार तो करणारा माणूस तुझ्याच कंपनीत दोन डेस्क पलीकडे बसलाय. आधी त्याला जाऊन सांग की एखादं छोटं फीचर मला पूर्ण सांभाळू दे, का करायचं इथपासून ते लोकांनी वापरलं का नाही इथपर्यंत. सपोर्टला येणारी तिकिटं, म्हणजे वापरणाऱ्यांच्या तक्रारी, रोज वाच, कुणी सांगितलं नाही तरी वाच. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, तुला येतंच, त्यामुळे डेटासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको, आणि "हे दोन दिवसांचं काम आहे" असं कुणी म्हणालं तर ते खरं का थाप हे तुला कळतं, डेव्हलपर लोक ऐकतील ते या एका गोष्टीमुळे. लिहायची मात्र प्रॅक्टिस कर, तुझे मेसेज मलाच दोनदा वाचावे लागतात.

आणि एक, कोड लिहायचा कंटाळा आला म्हणून चालली असशील तर जाऊ नकोस. संध्याकाळी चालू झालेला प्रोग्राम बघून तू जी खूश व्हायचीस ना, ते तिकडे नाही मिळायचं, दिवसभर दहा लोकांना नाही म्हणायचं आणि काय बनवायचं नाही हे ठरवायचं, त्याचं हातात दाखवण्यासारखं काय उरतं? तुला हे चालेल का, खरं सांग, मला नाही, स्वतःला.

दिवाळीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट लवकर काढ, नंतर वेटिंग लागतं. आलीस की धनत्रयोदशीच्या आधी दोन संध्याकाळ काउंटरला बस माझ्याजवळ, त्या सॉफ्टवेअरवाल्यांना पाठवायची यादी मी करून ठेवलीये, त्यातलं पहिलं काय दुरुस्त करायला सांगायचं ते तू ठरव. सगळं पाठवलं की ते काहीच करत नाहीत.

बाबा