मॅडम, रेडिओ बंद ठेवायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

नागपुरात तुमच्या हाताखाली एम.टेक. केलेल्या मुलांपैकी मी एक. आज काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागांमध्ये मातीतला ओलावा मोजणारे वायरलेस सेन्सर बसवतो. हे काम उभं राहिलं ते तुमच्या शिकवण्यावर. तुमच्याशी फोनवर बोलून मन भरेना, म्हणून चारचौघांसमोर लिहितो आहे.

नेटवर्क म्हटलं की आम्हा पोरांना फक्त वेग सुचायचा. तुम्ही सुरुवातच सीसी २४२० या, सेन्सरचे आकडे बिनतारी पाठवणाऱ्या-ऐकणाऱ्या रेडिओ चिपच्या डेटाशीटपासून (तांत्रिक माहितीपत्रकापासून) केलीत. पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर, ऐकताना १८.८. म्हणजे बोलण्यापेक्षा नुसतं कान देऊन बसणं महाग! मग फळ्यावर हिशेब मांडलात. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या पेन्सिल सेलची जोडी रेडिओ सतत चालू ठेवला तर सहा दिवसही पुरत नाही. तोच रेडिओ शंभरातला एक भाग वेळ जागा ठेवला, तर निव्वळ त्याच्या खर्चापुरती ती दीड वर्ष जाते. त्यानंतर रेडिओला ठरावीक वेळी झोपवणारा २००२ सालचा एस-मॅक हा प्रोटोकॉल (संवादाचे नियम) शिकवलात, तेव्हा शेजारच्या नोडनी, म्हणजे नेटवर्कमधल्या सेन्सर-उपकरणांनी, झोपण्या-उठण्याची वेळ आपसात का ठरवायची हे वेगळं सांगावं लागलं नाही. हाइन्झेलमन आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा लीच हा प्रोटोकॉल तर तुम्ही कालव्याच्या पाणीपाळीसारखा समजावलात: क्लस्टर हेडचं, म्हणजे गटातल्या सगळ्यांचे आकडे गोळा करून पुढे पाठवणाऱ्या म्होरक्याचं, जड काम एकाच नोडच्या गळ्यात न टाकता पाळीपाळीने सगळ्यांकडे जातं. आमच्या वर्गात निम्मी मुलं शेतकऱ्यांची, कोणाला पुन्हा विचारावं लागलं नाही.

पण मला खरा उपयोग झाला तो तुम्ही आम्हाला लॅबबाहेर काढलंत याचा. आंबिया बहारासाठी (संत्र्याच्या एका फुलोऱ्यासाठी) बागेचं पाणी तोडून ताण द्यायचा, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तुम्ही मात्र बागेत पाय ठेवताच म्हाताऱ्या बागायतदाराला विचारलंत, "दादा, ताण पुरेसा बसला हे तुम्ही कशावरून ओळखता?" पानांचा रंग, त्यांची मरगळ, पानगळ कितपत झाली, सगळं वहीत उतरवून घेतलंत. सेन्सरच्या आकड्याला त्या वहीशी ताडून पाहायचं, ही सवय तिथून लागली.

आणि ती कामी येते हो. आपली काळी माती वाळली की भेगाळते. भेग सेन्सरच्या बाजूने गेली की मातीचा स्पर्श सुटतो आणि आकडा एकदम खाली येतो. झाड अजून तजेलदार असतं, पण पडद्यावर बाग करपल्यासारखी दिसते. त्या आकड्यावर विसंबून कोणी वेळेआधी पाणी सोडलं तर फुलोराच बिघडायचा. म्हणून मी एका झाडाखाली एकच सेन्सर कधी लावत नाही. सेन्सरच्या रेडिओच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पालवीतून जाताना क्षीण होतात, अँटेना जमिनीलगत ठेवली तर पल्ला आणखी घटतो. उघड्या मैदानातलं मोजमाप दाट बागेत चालत नाही, हेही तुम्ही तिथेच दाखवलंत.

मोबाइल ॲड हॉक नेटवर्कच्या, म्हणजे टॉवरशिवाय फिरत्या उपकरणांनी आपसात जोडलेल्या जाळ्याच्या, बाबतीतही तुमचा आग्रह हाच, प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याचा. सिम्युलेटरमध्ये रँडम वेपॉइंट (प्रत्येक नोड वाटेल तो बिंदू आणि वेग निवडून तिकडे जातो, असं मॉडेल) लावून छान आलेख काढणं सोपं. यून, लिऊ आणि नोबल यांनी २००३ मध्ये दाखवलेली गोम तुम्ही आमच्याकडून कागदावर सोडवून घेतलीत: किमान वेग शून्य ठेवला, तर फार हळू निघालेले नोड लांबच्या वाटेवर अडकून राहतात, सरासरी वेग घसरत जातो, जोडण्या कमी तुटतात आणि प्रोटोकॉल आहे त्याहून चांगला दिसतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा मला हेच आठवत होतं. अशा वेळी टॉवर बंद पडला तर फोनने फोनला निरोप पोचवायला, मधल्या उपकरणांतून वाट शोधणारे एओडीव्हीसारखे प्रोटोकॉल कामी येऊ शकतात. पण माणसं रिकाम्या चौकोनात भटकत नाहीत, ती गल्लीने, पुलावरून, गच्चीच्या दिशेने जातात. जो अभ्यास हे धरत नाही, तो पुरात उपयोगाचा नाही, असं माझं ठाम मत आहे आणि ते तुमच्यामुळे झालं.

आणखी एक. तुमच्या सगळ्या स्क्रिप्ट आणि नोंदी तुम्ही दुसऱ्या कॉलेजच्या मुलांनाही मागताक्षणी दिल्यात, कोण कुठला हे न विचारता. गावाकडून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या पोरासाठी ते केवढं मोठं होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी सांगतो. फार मोठं होतं. मनापासून आभार.

यंदाच्या ताणाच्या हंगामातले आकडे, बागायतदारांच्या नोंदींसकट, लवकरच पाठवतो. नेहमीसारख्या लाल शाईने खुणा करून परत पाठवा.

आपला विद्यार्थी,
नागपूर