रिकाम्या खाटेचे भाडे मुलींच्या माथी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलीला पदवीसाठी अमेरिकेत पाठवणारे नातेवाईक हल्ली मला सोरोरिटीबद्दल विचारतात, म्हणून हे पत्र. सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांचे नाव घेतलेली विद्यार्थिनींची संघटना. तिच्या विद्यापीठातल्या शाखेला चॅप्टर म्हणतात आणि बऱ्याच चॅप्टरांचे स्वतःचे मोठे घर असते. माझी मुलगी इलिनॉयमध्ये नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ती हौसेने सभासद झाली. पुढे कळले, की दुसऱ्या वर्षी चॅप्टरच्या घरात राहणे सक्तीचे आहे. तोवर तिने दोन मैत्रिणींबरोबर बसथांब्याजवळ स्वस्तातली खोली ठरवली होती. ‘नाही राहिलीस तरी घराचे पैसे भरावेच लागतील,’ असे उत्तर मिळाले. खोली सोडावी लागली.

जानेवारीत मी तिला भेटायला गेले. इकडच्या काही जुन्या सोरोरिटी-घरांत ‘कोल्ड डॉर्म’ असते. अभ्यासाच्या खोल्या वेगळ्या. झोपायला मात्र सगळ्यांना मिळून एक लांबलचक अंधारी खोली, दुमजली खाटा, आणि बाहेर बर्फ असला तरी खिडक्या किलकिल्या. तिथे बोलायचे नाही, दिवा लावायचा नाही. माझ्या मुलीला रुग्णालयातल्या पाळीसाठी पहाटे साडेपाचला निघावे लागते. गजराने कुणाची झोप मोडू नये म्हणून ती फोन उशीच्या अभ्र्यात ठेवते आणि तो थरथरला की चाचपडत वरच्या खाटेवरून उतरते. साताऱ्याहून आजीने दिलेली गोधडी आणि वर दोन ब्लँकेटे, तरी पाय गार पडतात म्हणाली.

त्या मुलींबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तिला ताप भरला तेव्हा दोघी रात्रभर तिच्याजवळ बसल्या होत्या, हे मी विसरणार नाही. माझा राग सक्तीवर आहे.

सक्ती कशासाठी, हेही मी समजून घेतले. घर सहसा माजी सभासदांच्या मंडळाच्या ताब्यात असते. कर्जाचे हप्ते, विमा, स्वयंपाकी, छपराची डागडुजी असा खर्च ठरलेला, आणि खाट रिकामी राहिली की तूट. अडचण खरी आहे. पण ती मंडळाची आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीला करारात बांधून ती का भागवायची? अल्फा फाय या सोरोरिटीने १८८६ मध्ये सिराक्यूजला स्वतःचे घर बांधले, ते मुलींना हक्काची जागा असावी म्हणून. आता घर भरावे म्हणून मुली शोधायची वेळ आली आहे.

‘एका छपराखाली राहिल्याशिवाय भगिनीभाव कसा येणार?’ असे मला ऐकवले गेले. अल्फा कॅपा अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची सोरोरिटी १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाली. कमला हॅरिस तिच्याच सभासद. अशा सोरोरिट्यांच्या बहुतेक चॅप्टरांना राहते घर नाही, तरी त्यांच्यातल्या बायका साठीतही एकमेकींच्या हाकेला धावतात. आपल्याकडच्या मुलींसाठी १९९८ मध्ये ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा निघाली, तीही घराच्या बळावर नव्हे.

सक्तीचा फटका बसतो तो हातखर्चासाठी काम करणाऱ्या मुलीला. भारतातून एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थिनीला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, तेही विद्यापीठाच्या आवारात, काम करता येते. त्या पैशात सक्तीचे घर बसत नाही. मग ती आत येतच नाही, किंवा आलेली निमूटपणे बाहेर पडते.

राहायचे की नाही, हे मुलीला ठरवू द्यावे. निदान आमंत्रण स्वीकारण्याआधी, म्हणजे इकडच्या भाषेत ‘बिड’ घेण्याआधी, राहण्याची अट, वर्षाचा आकडा आणि न राहिल्यास भरायची रक्कम तिच्या हातात लेखी पडावी. ज्या पालकांच्या मुली येत्या ऑगस्टमध्ये इकडे येत आहेत, त्यांनी हा कागद मागून घ्यावा आणि तो वाचल्याशिवाय मुलीला सही करू देऊ नये.

आपली,
एक आई, इलिनॉय (अमेरिका)