शेजारच्या लेकीला, जिने मला स्पॅनिशमधून ऊन-पाऊस बोलायला शिकवलं

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. जिन्यात आभार मानायला लागले की तू "काहीतरीच काय, काकू" म्हणून पुढे निघतेस. म्हणून हे उघडं पत्र लिहितेय, आता पूर्ण ऐकून घे.

माझी लेक स्पेनमधल्या सेवियात नांदते, हे तुला ठाऊकच आहे. विहीणबाईंना स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नाही. व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी एकमेकींना हात जोडायचो, हसायचो, आणि पुढचं सगळं लेकीच्या तोंडून व्हायचं. तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "क्रियापदांचे तक्ते नंतर बघू. आधी हवामान. दोन विहिणींना रोज पुरेल असा विषय तोच." पुस्तकातल्या धड्यात बर्फ होता. ते पान उलटून तू मला गॅलरीत नेलंस आणि समोरच्या आभाळावर बोट ठेवून विचारलंस, "के तिएम्पो आसे?" हवा कशी आहे?

ऊन, थंडी, वारा असला की 'आसे': आसे सोल, आसे फ्रिओ, आसे बिएन्तो. ढगाळ असेल तर 'एस्ता नुब्लादो'. धुकं किंवा वादळ असेल तर 'आय'. आणि आपल्या जिवाला जाणवतं तेव्हा 'तेन्गो': तेन्गो कालोर, मला उकडतंय. 'आसे' म्हणजे 'करतो', मग हे ऊन करतो कोण, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "काकू, आपली थंडी वाजते, ती कोण वाजवतं?" त्या एका उत्तराने माझी धास्ती गेली. माद्रिदकडचा 'आथे' न शिकवता तू सेवियाचा 'आसे' शिकवलास, तेही माझ्या विहीणबाईंचा विचार करून. एवढं कोण बघतं?

पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. शब्दांसोबत तू तिथलं वर्षही समजावून दिलंस. आपल्याकडे मृगाच्या आशेवर उन्हाळा काढायचा, जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि जीव निवतो. तिथे जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत आणि पाऊस मुख्यतः थंडीच्या दिवसांत. मी जुलैत "युएबे मुचो", खूप पाऊस पडतोय, म्हणते तेव्हा विहीणबाई हेव्याने डोळे मोठे करतात. डिसेंबरात त्या छत्री दाखवतात, तेव्हा मी इकडे गच्चीवर ऊन खात असते. 'इन्व्हिएर्नो' म्हणजे हिवाळा, पण मध्य अमेरिकेत याच शब्दाने पावसाळा सांगतात, हेही तूच सांगितलंस. आपल्या पेपरात पाऊस कमी म्हटलं की ज्याचं नाव येतं तो अल निनो मुळात पेरूच्या कोळ्यांचा 'एल निन्यो', बाळ येशू. नाताळच्या सुमारास समुद्राचं पाणी कोमट व्हायचं म्हणून ते नाव. विदर्भातल्या सोयाबीन-कपाशीच्या काळजीत एक स्पॅनिश शब्द इतकी वर्षं बसलाय आणि माझं लक्षच नव्हतं.

आकडे मात्र तू घोटून घेतलेस, आणि त्याचं चीज झालं. कॉर्दोबाजवळच्या ला राम्ब्ला गावात १४ ऑगस्ट २०२१ ला ४७.६ अंश तापमान होतं, असं विहीणबाईंनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मी शांतपणे म्हटलं, "नागपुर, कुआरेन्ता इ सिएते कोमा नुएबे." २३ मे २०१३, ४७.९. पलीकडे सगळं घर हसलं, आणि त्या कॉलवर लेकीला दुभाषी व्हावं लागलं नाही. मग सेवियात गल्ल्यांवर ताणलेलं कापड त्यांनी दाखवलं, मी सिग्नलवरच्या हिरव्या नेटचे फोटो पाठवले. कूलर, वाळ्याच्या ताट्या, पन्हं, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, सगळं त्यांना सांगून झालंय. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सांगायला खूप वेळ लागला, पण सांगितला. त्यांनी मला २०२२ ची गोष्ट सांगितली, सेवियाने उष्णतेच्या लाटेलाच 'सोए' असं नाव दिलं होतं ती.

बेटा, स्वतःची परीक्षा, नोकरीची धावपळ सांभाळून संध्याकाळी तू माझ्यापाशी बसलीस. पैसे घेतले नाहीस, चहाही अर्धाच कप. माझ्या वयाच्या बाईला नवी भाषा येईल यावर माझ्याआधी तुझा विश्वास होता. आज विहीणबाई थेट मला फोन करतात. लेकीचं सासर मला आता लेकीशिवायही कळतं, याचं मोल मी कशात करू?

एक मागणं आहे. आता भूतकाळ शिकव. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी रात्रीतून वस्त्यांमध्ये शिरलं, ती रात्र विहीणबाईंना माझ्या तोंडून ऐकायची आहे. 'युएबे' आहे माझ्याकडे, 'योबिओ' हवंय. शनिवारी येशील?

तुझी,
शेजारच्या काकू, नागपूर