नको असलेला पेपर मागून घे

कोल्हापूर,
२२ जून २०२५

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा तू घाईत होतीस आणि मीही एस.टी. स्टँडवर उभा होतो, त्यामुळे तुझ्या प्रश्नाला ‘विचार करून कळवतो’ एवढेच उत्तर मी दिले. तुझी आई म्हणते की साध्या गोष्टीला पत्र कशाला लिहायचे. पण ही गोष्ट मला साधी वाटत नाही आणि फोनवर माझे म्हणणे नेहमीच अर्धे राहते.

तू सांगितलेस त्यावरून मला समजले ते असे. विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागाने तुला एका वर्षासाठी शिकवायला बोलावले आहे. एम.एस्सी.चे दोन विषय घ्यायचे, की पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा असलेला पर्यावरण अभ्यासाचा पेपर घ्यायचा, हे तुझ्या पसंतीवर सोडले आहे. शिवाय पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल याचे, अहवाल करणाऱ्या एका सल्लागार कंपनीचे बोलावणेही आहे आणि तिथे पगार बरा आहे. एम.एस्सी.चे विषय घ्यावेत असा तुझा कल दिसला, आणि सक्तीच्या पेपरचा उल्लेख तू ‘ते ओझे’ असा केलास. त्या एका शब्दामुळे मी हे पत्र लिहायला बसलो, कारण ते ओझे मी पंधरा वर्षे वाहिले आहे.

हा पेपर आला कसा, हे तुझ्या पिढीला फारसे सांगितले जात नाही. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर सक्तीचा करावा असे सांगितले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम तयार व्हायला एक तप उलटले. तो बनवणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. एरच भरुचा हे व्यवसायाने शल्यचिकित्सक. आणि तो आमच्या महाविद्यालयात येऊन पोहोचला तेव्हा प्राचार्यांनी तो सोपवला माझ्याकडे, म्हणजे रसायनशास्त्राच्या शिक्षकाकडे, कारण त्या वर्षी माझा वर्कलोड चार तासांनी कमी पडत होता. वर्कलोड भरून काढण्यासाठी एखादा विषय मिळावा, हे त्या विषयाचे दुर्दैवच. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत हा विषय असाच कोणाच्या तरी उरलेल्या तासांत जाऊन बसला, कधी भूगोलाच्या, कधी वनस्पतिशास्त्राच्या, तर कधी नव्याने लागलेल्या आणि नाही म्हणता न येणाऱ्या मुलीच्या.

त्या मूळ अभ्यासक्रमात पन्नास तासिका होत्या आणि त्यांतल्या पाच तासिकांइतका वेळ क्षेत्रभेटीसाठी होता. शंभरापैकी पंचवीस गुणही त्यालाच होते. विद्यार्थ्याने आपल्या परिसरातली नदी, टेकडी, तळे किंवा प्रदूषित जागा स्वतः पाहावी आणि तिच्याविषयी लिहावे, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात काय झाले ते मी माझ्याच टेबलावर पाहिले. कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात प्रकल्पाच्या तयार फायली मिळू लागल्या. मुले वरचे नाव बदलून, प्लास्टिकचे कव्हर घालून त्या आणून देत आणि आम्ही शिक्का मारून सही करत असू. एका वर्षी पंचगंगेच्या प्रदूषणावरची एक फाईल सहज म्हणून वाचायला घेतली, तर तिसऱ्या पानावर ‘पंचगंगेवरील लकडी पुलाजवळ आम्ही पाण्याचे नमुने घेतले’ असे वाक्य होते. पुण्याच्या कोणा मुलाने मुठा नदीवर केलेला तो प्रकल्प. आमच्या पठ्ठ्याने नदीचे नाव व्हाइटनरने खोडून बदलले होते, पण पुलाकडे त्याचे लक्ष गेले नव्हते. मी आधी पोटभर हसलो. मग आधीच्या दोन वर्षांचे गठ्ठे काढून पाहिले, तर तोच लकडी पूल आणखी चार फायलींत सापडला आणि त्या चारही फायलींवर माझी सही होती.

पुढच्या वर्षी मी बी.ओ.डी.च्या, म्हणजे पाण्यातला प्राणवायू तपासण्याच्या, बारा बाटल्या स्वतःच्या पैशाने आणल्या. महाविद्यालयाकडे मागितल्या होत्या. कॉमर्सच्या मुलांना प्रयोगशाळेचे साहित्य कशाला, असे उत्तर मिळाले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग एकशे ऐंशी मुलांचा, त्यामुळे सगळ्यांना नेणे शक्य नव्हते. वीस-वीस जणांच्या तुकड्या करून रविवारी सकाळी न्यायला सुरुवात केली. एक नमुना प्रयाग चिखलीला, म्हणजे जिथे भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांचे पाणी एकत्र येते आणि नदीला पंचगंगा हे नाव पडते तिथे घ्यायचा, आणि दुसरा शहरातून येणाऱ्या जयंती नाल्याच्या तोंडाशी. तीनशे मिलिलिटरची बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, त्यात पिपेटने आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली आयोडाइड सोडायचे, बूच घट्ट बसवून बाटली उलटीपालटी करायची आणि साका खाली बसू द्यायचा. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असेल तर साका तपकिरी होतो. नसेल तर तो पांढराच राहतो. प्राणवायूचा नेमका आकडा काढणारे पुढचे थायोसल्फेटचे अनुमापन मी घाटावरच्या कट्ट्यावर करून दाखवत असे, पण खरे सांगायचे तर त्याची गरजच नसे. दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या की काम झालेले असे. चिखलीची बाटली चहासारखी तपकिरी आणि नाल्याची दुधाच्या नासक्यासारखी पांढरी. नदीकाठच्या एका गावातला, घरचे गुऱ्हाळ असलेला मुलगा ती पांढरी बाटली बराच वेळ हातात धरून उभा होता. शेवटी म्हणाला, ‘सर, म्हणजे ह्यात वाराच न्हाई म्हणायचा. मग आमच्याकडं मासं तरंगत्यात ते ह्याच्यामुळंच व्हय?’ त्या मुलाने सहामाहीत जैवरासायनिक प्राणवायूची मागणी (म्हणजेच बी.ओ.डी.) या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातल्यासारखे लिहिले नाही. त्याने ही बाटली लिहिली. मी त्याला पूर्ण गुण दिले. (उत्तरपत्रिका पुन्हा तपासणाऱ्यांनी एक कापला, तो भाग वेगळा.)

एम.एस्सी.चे विद्यार्थी तुझ्याकडे आधीच पर्यावरण निवडून येतात. त्यांना विंकलरची पद्धत, म्हणजे हीच बाटलीतली चाचणी, ठाऊक असते आणि नसली तरी ती त्यांच्या प्रात्यक्षिकात येणारच असते. बी.कॉम.चा मुलगा मात्र उद्या जिल्हा बँकेत कर्जाच्या फायली तपासणार, साखर कारखान्याच्या हिशेबात बसणार किंवा नगरसेवक होणार. आणि या विषयाशी त्याची आयुष्यात पहिली आणि बहुधा शेवटची भेट त्या एका सत्रात होणार. एवढा मोठा आणि एवढा वेगवेगळ्या घरांतून आलेला वर्ग विद्यापीठात दुसऱ्या कोणत्याही शिक्षकाच्या वाट्याला येत नाही, आणि तो नेमका कोणालाच नको असतो. म्हणून माझे मत विचारशील तर तो पेपर तू मागून घे, एम.एस्सी.चा एक विषय जोडीला मिळाला तर उत्तम, पण तो अटीत ठेवू नकोस.

आता काळही थोडा बदलला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आयोगाने २०२३ मध्ये पदवीसाठी पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिला. त्यात हवामान बदल, कचरा, स्वच्छता, जैवविविधता असे सगळे आहे आणि क्षेत्रकामही आहे. आपल्याकडे हा विषय मूल्यशिक्षणाच्या खात्यात दोन श्रेयांकांवर (क्रेडिटवर) बसवला आहे. खाते मला पटत नाही, कारण मूल्य म्हटले की मुले निबंध लिहायला घेतात. पण श्रेयांक दोन असोत की चार, ते नदीकाठावर घालवायचे की फळ्यासमोर, हे बऱ्याच अंशी शिकवणाऱ्याच्या हातात राहते.

तुझ्या जागी मी असतो तर दोन गोष्टी लगेच सुरू केल्या असत्या. आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होणाऱ्या प्रकल्पांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो आणि सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी निघते. असा एखादा मराठी सारांश वर्गात वाचायला घ्यावा आणि मुलांना विचारावे की तुम्ही त्या गावचे असता तर सुनावणीत कोणते तीन प्रश्न विचारले असते. कायद्याच्या आणि अर्थशास्त्राच्या विभागातल्या कोणाला त्या दिवशी वर्गात बोलावता आले तर फारच चांगले. महाविद्यालयात हे जमत नाही, विद्यापीठात ते विभाग एकाच आवारात असतात. दुसरी गोष्ट म्हणजे गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची आणि त्यांविषयीच्या माहितीची नोंद. २००२ च्या जैवविविधता कायद्याने त्या ग्रामपंचायतींसारख्या स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांकडे सोपवल्या. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही कल्पना मांडली तेव्हा गावकऱ्यांचे ज्ञान गावकऱ्यांनीच नोंदवावे असा तिचा गाभा होता, पण कित्येक ठिकाणी त्या मुदतीच्या घाईत कागदोपत्री भरल्या गेल्या आहेत. आपल्याच गावची नोंदवही पाहून ये, तिच्यातली कोणती नोंद आजीला पटत नाही ते लिहून आण, एवढे काम दिले तरी ते दुकानातून विकत आणता येणार नाही.

आणि मराठीत शिकव. तुझा प्रबंध इंग्रजीत आहे आणि एम.एस्सी.लाही ती सवय चालून जाते, पण पदवीच्या वर्गात भाषा बदलावी लागेल. आणि मराठी म्हणजे परिभाषा कोशातलीच मराठी नव्हे. एका मुलीने उत्तरपत्रिकेत जलपर्णीचे दुष्परिणाम बिनचूक लिहिले होते. तोंडी परीक्षेत मी तिला विचारले की तुमच्या गावाजवळ नदीत जलपर्णी आहे का, तर ती ठामपणे नाही म्हणाली. मग त्याच वनस्पतीचे आपल्याकडचे नाव घेऊन, केंदाळ आहे का, असे विचारल्यावर म्हणाली, ‘ते तर सगळीकडंच हाय की सर, त्यातनं नाव पण जात न्हाई.’

आता व्यवहाराचे बोलतो, कारण तिथे मला तुझी काळजी वाटते. नेमणूक ठरावीक मासिक वेतनावर आहे की तासिका तत्त्वावर, हे पत्रात लिहून घे. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर राहू नकोस. तासिका तत्त्वावर असेल तर जितके तास घेशील तितकेच पैसे, दिवाळीचे आणि उन्हाळ्याचे महिने कोरडे, आणि मानधनही वेळेवर मिळेल असे धरून चालू नकोस. क्षेत्रभेटीचे तास तासिका म्हणून धरणार का, हा प्रश्न अगदी आधी विचार. तो विचारायला मुली संकोचतात आणि मग वर्षभर रविवार फुकट देतात. मी दिले, पण माझी नोकरी कायम होती. तुकडी किती जणांची, बस कोण देणार, मुलींना बाहेर नेण्याच्या परवानगीची सही कोणाची, प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे, हेही विचारून ठेव.

सेटवर, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेवर, समाधान मानू नकोस. आपल्या सेटवर तुला महाराष्ट्रात आणि गोव्यात अर्ज करता येईल, नेट या राष्ट्रीय परीक्षेवर देशभर. शिवाय आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहाय्यक प्राध्यापकपदासाठी मुलाखतीपूर्वी जी छाननी होते, तिच्या तक्त्यात नेटला पाच गुण आहेत आणि सेटला तीन. पीएच.डी.चे तीस गुण तुला मिळतीलच. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला दोन आणि जास्तीत जास्त दहा गुण आहेत, पण तुकड्या-तुकड्यांनी भरलेली वर्षे मोजताना वाद होतात, म्हणून रुजू झाल्याचा दिनांक, कार्यमुक्तीचा दिनांक आणि वेतनाचा पुरावा असलेले अनुभवाचे प्रमाणपत्र वर्ष संपले की त्याच आठवड्यात घे; विभागप्रमुख बदलले की कोणी सही करत नाही. कायम जागेची सुरुवात सत्तावन्न हजार सातशे मूळ वेतनाने होते, आणि जाहिरात, रोस्टर, मंजुरी यांत ती कधी निघेल हे कोणीच सांगू शकत नाही. तीन वर्षांपेक्षा जास्त वाट पाहू नये असे मला वाटते. तुझी आई दोन म्हणते.

कंपनीच्या कामाला मी कमी लेखत नाही. अहवाल आतून कसे बनतात हे पाहिलेला शिक्षक वर्गात अधिक खरे बोलू शकतो, आणि वर्षाने तिकडे जावेसे वाटले तर खुशाल जा. मात्र उलटा प्रवास, म्हणजे त्या पगाराची सवय झाल्यावर तासिकेच्या मानधनावर परत येणे, फार थोड्यांना जमलेले मी पाहिले आहे.

त्या बारा बाटल्यांपैकी दहा अजून धड आहेत. निवृत्तीच्या दिवशी त्या घरी आणल्या, कारण त्या माझ्याच होत्या आणि यादीत कुठेच नव्हत्या. माळ्यावरच्या लाकडी खोक्यात आहेत. प्रत्येक बाटलीला तिचेच बूच दोऱ्याने बांधून ठेवले आहे, कारण एकाचे बूच दुसरीला बसत नाही आणि बुडबुडा आत शिरला की सगळे वाया जाते. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा मोठी पिशवी घेऊन ये. मँगनीज सल्फेट मात्र नवे आण, माझे जुने झाले आहे.

तुझे,
बाबा