काका, त्या दुपारबद्दल मनापासून आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो तर तुम्ही ‘अरे, त्यात काय एवढं’ म्हणून विषयच बदललात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. इथे इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स-बेडफर्ड भागात आपली कितीतरी कुटुंबं राहतात. ग्रेट ऊझ नदी त्यांच्या जवळूनच वाहते आणि तिच्यात चबसारखा देखणा मासा आहे. तो दाखवणारं माणूस भेटलं तर पोरांची दुपार कशी जाते, हे त्यांनाही कळायला हवं.

ओल्नीजवळच्या कुरणांतून आपण निघालो तेव्हा फेब्रुवारीची थंडी बोटांना झोंबत होती. थंडीत बाकीचे बरेच मासे सुस्तावतात, चब मात्र खातो, असं तुम्ही वाटेत सांगितलंत. काठावर पोचल्यावर मासेमारीचा रॉड लगेच उघडलाच नाहीत. पाण्यावर झुकलेलं विलोचं झाड, वाहून आलेल्या फांद्या अडकलेली जागा, वळणावरचं संथ पाणी, अशी ठिकाणं हेरून भिजवून पिळलेला पाव मूठ-मूठ टाकत गेलात आणि मगच पहिल्या जागी परत आलात. चबला काठावरची पावलं जाणवतात, सावलीही दिसते. तेव्हा माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला आधी तुम्ही पाय न आपटता चालायला शिकवलंत. पांढऱ्या पावाचा तुकडा गळाच्या दांड्याशी चिमटीत दाबायचा आणि कडा फुललेल्या ठेवायच्या, हेही त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलंत. स्वतः एकदाही लावून दिला नाहीत.

रॉडचं ते काडीसारखं बारीक टोक आधी नुसतं थरथरलं. ‘थांब,’ तुम्ही म्हणालात. मग ते वाकतच गेलं. ‘आता!’

लागलेला मासा थेट विलोच्या मुळांकडे सुटला. तिथे शिरला असता तर दोरा तुटलाच असता. पोराची मनगटं लटपटत होती. मी पुढे झालो तर तुम्ही हात आडवा घालून मला थांबवलंत. ‘रॉड आडवा धर. दोरा ढिला सोडू नकोस. जमतंय तुला.’ आणि स्वतः जाळी घेऊन ओल्या चिखलात गुडघ्यांवर बसलात, या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनिशी. रॉड तुमचा, तोही आवडता, आणि मासा हातचा जायच्या बेतात. तरी तुम्ही रॉडला बोट लावलं नाहीत. काका, माझे आभार मुख्यतः याचे आहेत. भल्याभल्यांनी त्या क्षणी मुलाच्या हातातून रॉड काढून घेतला असता.

मग हात ओले करायला लावून मासा त्याच्या हातात दिलात. पितळी झाक असलेले मोठे खवले, प्रत्येकाला काळसर कड, पोटाखालचे तांबूस पर आणि ते रुंद, पांढरं तोंड. जबड्यात दात नसले तरी घशात आहेत, आपल्याकडच्या महसीर माशासारखेच, तेव्हा आत बोट घालू नकोस, असं बजावलंत. २० सेंटिमीटरपेक्षा मोठा चब ठेवून घेता येत नाही, हा नियमही तेव्हाच समजावलात. प्रवाहाकडे तोंड करून त्याला पाण्यात कसं धरायचं ते दाखवलंत. कल्ले नीट चालू लागले तसा त्याने शेपटीचा फटका मारला आणि पोराची बाही भिजवून निघून गेला. त्या ओल्या बाहीनेच तो गाडीत बसला आणि घरी पोचेपर्यंत तुमचीच वाक्यं मला ऐकवत होता.

१४ मार्चला नदीवरचा हंगाम संपेल आणि १६ जूनला पुन्हा सुरू होईल. पोराला १३ वर्षांखालचा म्हणून मासेमारीचा परवाना लागत नाही. माझा मी काढला आहे. आता त्याच्यासाठी रॉड घ्यायचा आहे, आणि निवडायला तुम्हीच हवेत असा त्याचा हट्ट आहे. येत्या शनिवारी सकाळी तुम्हाला न्यायला आलो तर चालेल का? काकूंसाठी हिने पुरणपोळ्या करायच्या ठरवल्या आहेत, त्याही तेव्हाच घेऊन येतो.

तुमचा,
ओल्या बाहीवाल्याचा बाबा